वाचनात खंड

बीबी गावच्या विहारात वर्षावासाचा ग्रंथ इंद्रभान वाचत, आणि ते वाचत असताना मध्ये तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती. आषाढी पौर्णिमेला ग्रंथ उघडायचा, आश्विन पौर्णिमेला मिटायचा आणि त्याच दिवशी साऱ्या वस्तीला खीर. पाऊस येवो, लाईट जावो, दारात पाहुणे येवोत, वाचनात खंड पडायचा नाही. एका वर्षी दुसरबीडच्या विहारात ग्रंथ अर्धवट राहिला होता, ती गोष्ट इंद्रभान अजून चवीनं सांगत. निवृत्त मास्तर माणूस, आवाज खणखणीत, आणि वेग असा की श्वास कुठे घेतात तेही कळू नये. पंचशील झालं की बाया भिंतीला पाठ टेकत, निंदणानं मोडलेलं अंग सैल सोडत आणि 'साधू, साधू, साधू' कानावर आलं की जाग्या होत. झोप आणि पुण्य एकाच बैठकीत मिळत असेल तर कोणाला नको आहे?

केसरबाईही त्यांच्यातलीच. इंद्रभानच्या धाकट्या भावाची ती विधवा, म्हणजे नात्यानं ते तिचे थोरले दीर, इकडच्या बोलीत भासरे. त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही की शब्दाला शब्द लागला नाही. पण यंदा तिला झोप येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा देवानंद, घरातल्यांचा देवा, मेहकर रोडवर अपघातात गेला. घरात उरल्या त्या दोघी, केसरबाई आणि सून सुचिता. सुचिता अंगणवाडीत मदतनीस होती. वय पंचविशीच्या आसपास, पदरात मूल नाही. उन्हाळ्यात सुलतानपूरहून इंद्रभानच्या फोनवर तिच्यासाठी स्थळाचा निरोप आला. धम्मरत्न नावाचा एस.टी.तला कंडक्टर, बायको आजारानं गेलेली, माणूस निर्व्यसनी. केसरबाईनं 'पाहू' म्हणून सांगितलं आणि मग पाहिलंच नाही. त्या रात्री सुचिताच्या हातून भाकर करपली, एवढंच. केसरबाईला ते कळलं होतं, पण कळून न कळल्यासारखं करण्यात माणूस पटाईत असतो. ही पोर गेली तर देवाचं म्हणून घरात काय उरणार, या एका विचारानं तिनं दार धरून ठेवलं होतं.

आणि अशात एका संध्याकाळी इंद्रभान वाचता वाचता दुःखाच्या प्रकरणावर आले. दुःखाच्या मुळाशी तृष्णा असते, ती सुटली की दुःख सुटतं, असा काहीसा मजकूर. केसरबाईनं तो दरवर्षी ऐकला होता, म्हणजे कानावरून जाऊ दिला होता. यंदा तो आत शिरला.

"भाऊजी, थांबा जरासं," ती म्हणाली.

सगळा विहार खडबडून जागा झाला. इंद्रभाननी चष्म्यावरून पाहिलं.

"मेलेल्या लेकराची आठवन येते, ते बी तृष्णाच का? ते बी सोडाचं का मी?"

"वाचन झाल्यावर इचार," इंद्रभान म्हणाले आणि पुढची ओळ धरली.

वाचन झालं, वंदना झाली आणि दिवे मालवायच्या आत इंद्रभान चपला घालून निघूनही गेले. दुसऱ्या दिवशी केसरबाई थेट पुढच्या रांगेत बसली. "कालचं राह्यलं, भाऊजी." इंद्रभाननी आवाज चढवला आणि वाचत राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, आणि मग रोज. बाईनं जणू पणच केला होता.

शेजारच्या जनकाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "काऊन वं, भासऱ्यासंग वाद घालून राह्यली? लोक हासतात."

"हासू दे. इतके वर्स आयकलं, मले एक गोष्ट तं समजू दे."

विहार समितीचे अध्यक्ष शालिग्राम घरी समजूत घालायला आले. त्यांना खिरीची काळजी. "वहिनी, ग्रंथ पुरा झाला पायजे. दुसरबीडची मंडळी येतीन, काय तोंड दाखवाचं आपुन?"

"पुरा करून काय करता, भाऊ? मांगच्या वर्सी पुरा झाला, त्यातलं काय ध्यानात हाये तुमच्या, सांगा बरं."

शालिग्रामांनी चहा संपवला आणि पावसाचा विषय काढला.

त्या संध्याकाळी केसरबाई सगळ्यांच्या आधी विहारात गेली. ग्रंथ ठेवलेल्या चौरंगाला लागूनच तिनं बैठक मारली. पंचशील झालं. इंद्रभाननी खुणेचं पान उघडलं, तशी तिनं हात पुढे करून पानं मागे उलटली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं जोडत जोडत तिनं ती जागा दुपारीच विहारात येऊन हुडकून ठेवली होती. थोरल्या दिराच्या पुढ्यातला ग्रंथ भावजयीनं उलटला, असं त्या विहारात कधी घडलं नव्हतं. मागं कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"इथून वाचा. हळू वाचा."

"पुढचं राह्यते, केसर."

"राहू द्या."

रागानं त्यांचे कान लाल झाले होते. तरी त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि त्या ओळीजवळ येताच आवाज पुन्हा धावायला लागला. केसरबाईनं सरळ पानावर पंजा ठेवला.

"पळून काऊन राह्यले, भाऊजी?"

इंद्रभाननी चष्मा काढला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस तडकणार. पण त्यांनी चष्मा चौरंगावर ठेवला.

"मलेच नाई समजत हे," ते म्हणाले. "देवा गेल्यापासून हे पान आलं का मी धावतो. तो दिसते इथं. मी काय सांगू तुले?"

भासऱ्याचे डोळे भरलेले केसरबाईनं पहिल्यांदाच पाहिले. तिच्या मनातली अढी तिथल्या तिथे गळून पडली.

मग जनकाबाईच बोलली. "आठवन कशी सोडता यील? पोटचा व्हता तो."

"आठवन निराळी, हाव निराळी," शालिग्राम म्हणाले. "गेलेल्यानं परत यावं, आपल्याजोळच राहावं, हे म्हननं म्हंजे हाव."

"तो कुठी परत येते आता?" जनकाबाई.

"म्हून तं दुःख!"

दोघांची चांगलीच जुंपली. मागच्या बायाही बोलायला लागल्या. कोणी भिंतीला टेकलेलं राहिलं नाही. केसरबाईचा पंजा अजून पानावरच होता. आठवण तर न बोलावता येत होती, तिला कोण अडवणार? पण आपण धरून काय ठेवलं आहे, हे तिला लख्ख दिसलं, आणि जे दिसलं ते तिला मुळीच आवडलं नाही. आता पुढचं प्रकरण वाचा म्हणावं आणि गुमान घरी जावं, असंही एकदा वाटून गेलं.

ती उठली आणि मागं वळली. सुचिता दाराजवळ बसली होती.

"देवा गेला ते माह्या हातात नव्हतं," केसरबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "पन या पोरीले मी धरून बसली. ते माह्या हातात हाये."

सुचितानं मान खाली घातली. "आई, घरी बोलू," ती कसंबसं म्हणाली.

"घरी नाई. भाऊजी, सुलतानपूरचा नंबर हाये ना तुमच्यापाशी? लावा फोन."

"सकाळी लावू, केसर. वाचन चालू हाये."

"पडू द्या खंड. आत्ता लावा. घरी गेली तं मन फिरन माह्यं, मी ओयखते मले."

इंद्रभाननी ग्रंथ मिटला, खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून कोणीतरी विचारलं, कोण बोलतंय?

तिनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि भरल्या विहारात मोठ्यानं सांगितलं, "मी सुचिताची माय बोलून राह्यली."