हातावरच्या चिमण्या

अंगणात अकरा चिमण्या, दोन होले आणि सात सातभाई होते. अकरांपैकी चार चिमण्यांच्या गळ्याखाली काळा डाग होता, म्हणजे ते चिमणे. एवढी साधी गोष्ट मला बी.एस्सी. झाल्यावर, गेल्याच आठवड्यात कळली होती. बारावी चिमणी मोजायची राहिली होती. ती माझ्या वडिलांच्या, आबांच्या, उजव्या तळहातावर उभी राहून कणी टिपत होती.

आबा बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात उशीवर उताणा. नव्याण्णवच्या जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच होता.

"डाक्टरनं बोटं हालवायला सांगितले," चुलीजवळून माय ओरडली, "अन् हे पाखरायला ताट मांडून बसले!"

कणीची कल्पना माझी. नुसता व्यायाम आबा करीत नव्हते, म्हणून म्हटलं, पाखरांना दाणे फेका. दाणा काही बोटांतून सुटेना. एक दिवस एक चिमणीच उतरली आणि हातावरून खाऊ लागली. आबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग त्यांनी फेकायचं सोडूनच दिलं.

आबा शिंपी. आखाडा बाळापूरच्या बाजारात गुलाबचंद शेटच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे. त्या दुपारी शेट स्वतः घरी आले. चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"क्या टेलर! आमचे गिऱ्हाईक वाट पाहून राहिले अन् तुमी चिमण्यायला जेवू घालता?"

आबा अर्ध्या तोंडानं हसले. शेट खुर्चीच्या कडेवर टेकले.

"दिवाळी आली. हट्टा गावचा एक पोरगा मशीनवर बसायला तयार हाय. तुमी कात्री धरत असाल तं जागा तुमचीच. बराबर सांगा, कधी येता?"

"आठ... दिसात."

शेटनी त्या हाताकडे पाहिलं, चहा संपवला आणि गेले.

"काहून खोटं बोलता?" माय म्हणाली. "बोट तरी हालते का?"

"हालते," आबा म्हणाले. "परवा... हाललं. उडून गेल्या."

"कोण?"

त्यांनी डाव्या हातानं कडुलिंबावरच्या चिमण्यांकडे दाखवलं.

मायनं कपबशी खाली आदळली. "पाखरासाठी हात मारून बसले व्हय? अन् म्या? म्या किती दिस लोकाचे काज-बटनं करू?" ती आत गेली. रात्री उशिरापर्यंत ती काज करत होती.

सकाळी आबांनी डाव्या हातानं स्वतःच उजव्या तळव्यावर कणी ठेवली. दोन चिमण्या आल्या. एक चिमणा, एक मादी. आबा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "कोमल, टेप."

मी आतून त्यांचा मापाचा टेप आणला. आबांनी डोळे मिटले. कपाळावरची शीर वर आली. अंगठ्याजवळचं बोट थरथरलं आणि उचललं गेलं. चिमण्या उडाल्या, कणी उशीवर सांडली.

"किती?"

"अर्धा इंच."

"परत धर."

माय दारात येऊन उभी होती. आबांनी पुन्हा केलं, आणि पुन्हा. ऊन बाजेपर्यंत आलं तेव्हा बोट सव्वा इंच उचललं जात होतं. सगळ्यात जवळची चिमणी न्हाणीच्या दगडावर होती. मी टेप तीनदा टाकून मोजलं. बाजेपासून पंधरा फूट.