ठराव आता सभेचा

लाँड्रीतल्या कामगारांनी आपली सहकारी संस्था काढली त्याला बावीस वर्षं झाली, आणि बावीसही वर्षं तिथली प्रत्येक सभा जिंकली ती इस्त्रीमास्तरांच्या घशानं. वाफेच्या प्रेसशेजारी उभं राहून बोलायची सवय. साधं "पाणी दे" म्हणाले तरी शेजारच्या खोलीतला माणूस दचकायचा. ते उठले की बाकीचे गप्प बसून घड्याळाकडे बघायचे. ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास, असा एकूण कारभार.

यंदा अध्यक्ष झाली ती त्यांचीच थोरली लेक. मळके कपडे मोजून घ्यायच्या टेबलावर ती काम करायची. तिनं कुठून तरी सभा चालवण्याच्या नियमांचं पुस्तक पैदा केलं आणि महिनाभर घरात दुसरा विषय नाही. ती भाजी चिरायची, मास्तर पुस्तक धरून प्रश्न विचारायचे.

"एकदा बोललेल्याला पुन्हा बोलायचंय. मग?"

"जे बोलले नाहीत ते आधी. मग तो."

"हा काय आचरटपणा! सभा म्हणजे काय स्वेटर आहे, पुस्तकात बघून विणायला?"

असं म्हणायचे, पण उत्तर बरोबर आलं की बायकोकडे बघून मिशीत हसायचे. विचारून विचारून नियम त्यांनाही पाठ झाले. फक्त नियम इतरांसाठी असतात, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

पहिल्याच सभेत विषय निघाला नव्या ड्रायरच्या जागेचा. मास्तरांनी ठराव मांडला: मागच्या दारापाशी ठेवा, प्रेसला जवळ पडेल, ते दार तसंही कोण वापरतं! लगेच अनुमोदन मिळालं. मास्तर मांडी ठोकून खाली बसले. आज ही पोरगी बापापुढे नमली, तर उद्या तिला काळं कुत्रं विचारणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एका मास्तरांना सोडून.

"विरोधात कुणाला बोलायचंय?" लेकीनं विचारलं.

घडीवालीचा हात वर गेला. चादरींच्या घड्या घालणारी ही बाई बोलताना अडखळायची, म्हणून नऊ वर्षांत सभेत तिचं एक वाक्य कुणी पुरतं ऐकलं नव्हतं.

"म... मागचं दा... दार..."

"अगं, दाराचं काय घेऊन बसलीस?" मास्तर उठलेच.

"सभासदांनी मध्ये बोलू नये."

मास्तर हसत बसले. घडीवालीनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिचा शब्द अडला, आणि मास्तर पुन्हा उभे. "मी सांगतो तिला काय म्हणायचंय ते..."

लेकीनं लाकडी हँगर टेबलावर आपटला. "मास्तर, तुमचं बोलून झालंय. त्यांचं व्हायचंय. खाली बसा."

मास्तरांच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. त्यांनी लेकीकडे बघितलं. तिची नजर हलली नव्हती. मास्तर बसले.

घडीवालीला तीन वाक्यांना चार मिनिटं लागली. मागच्या वर्षी वाफेचा पाइप फुटला तेव्हा पुढचं दार दिसतच नव्हतं. आम्ही पाचजणी त्या मागच्या दारानं बाहेर पडलो. ते दार नसतं तर आज मी इथं नसते.

मास्तर त्या दिवशी रजेवर होते. त्यांचा चेहरा पडला, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. मग सगळ्यांच्या देखत त्यांनी जन्मात पहिल्यांदा बोलण्यासाठी हात वर केला, आणि परवानगी मिळेपर्यंत थांबले.

"मी ठराव मागे घेतो."

"तुम्हाला एकट्याला घेता येणार नाही," लेक म्हणाली. "मांडून सभेपुढे आला की ठराव सभेचा होतो. कुणाची हरकत?"

"माझी!" कपडे पोचवणारा गाडीवाला ओरडला. "मास्तरांचा ठराव पडताना कधी बघितला नाही. आज बघू द्या!"

हशा उसळला. मास्तरही हसले. "टाका मग मताला."

ठरावाच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. अनुमोदन देणारा तर आपली नखं निरखत बसला होता. विरोधात म्हटल्याबरोबर पहिला हात गेला तो मास्तरांचा.

इतिवृत्त लिहिणारा कारकून गोंधळला. "ज्यानं मांडला त्यालाच विरोधात मत देता येतं?"

"येतं. तसंच लिहा," लेकीनं पुस्तक न उघडता सांगितलं.

बाहेर पडताना गाडीवाल्यानं गाठलंच. "काय मास्तर, पोरीनं बसवलं की तुम्हाला!"

मास्तरांनी छाती पुढे काढली.

"बावीस वर्षं तुम्ही सगळे मिळून बघत होतात," ते म्हणाले. "जमलं कुणाला?"