हार्लनला एक मत

व्हर्माँटमधल्या आमच्या गावाची मतपेटी लाकडी होती. मतपत्रिका आत सरकवून दांडा फिरवला की घंटी वाजायची. आता तिथे यंत्र आहे.

ऑगस्टात पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होई, तेव्हा पेटीशेजारी एक खोकं असे. प्रत्येकाला तिन्ही पक्षांच्या मतपत्रिका मिळत. एक भरून पेटीत टाकायची, कोऱ्या दोन खोक्यात. खोक्यात गेलेलं मत बाद, हे व्हर्नाबाई दारातच बजावत. तीस वर्षं निवडणूक त्याच चालवत आणि त्यांचा हिशेब कधी एकानेही चुकला नव्हता. मी सांगतेय ती यंत्र येण्याआधीची त्यांची शेवटची निवडणूक. मी नुकतीच जीवशास्त्र शिकून परतले होते, मोजणीला बसले.

आमच्याकडे एक पद आहे, ज्याचं काम वेळ आलीच तर शेरिफला, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला, अटक करणं एवढंच. मतपत्रिकेवर त्या पदाखाली हवं ते नाव हाताने लिहायला मोकळी ओळ असते, तिथे दर निवडणुकीला हार्लन गिलफिलनचं नाव लिहिलेलं निघे. हार्लन म्हणजे व्हर्नाबाईंचा वारलेला नवरा. मोजणीला बसणारा म्हातारा लुसियन ते मोठ्यांदा वाचायचा, मी लहानपणापासून ऐकलं होतं. ते कोण लिहितं, हे कोणी विचारत नसे.

त्या दिवशी सहाशे चाळीसपैकी दोनशे चौदा जण आले. गवतकापणीच्या दिवसांत हे पुष्कळ, असं व्हर्नाबाई म्हणाल्या. दुपारी तीन गाड्या भरून कापणीवाले एकदमच आले, त्या गर्दीत व्हर्नाबाईंनी स्वतःचं मत उभ्याउभ्या उरकलं होतं.

संध्याकाळी यादीवर दोनशे चौदा खुणा, पेटीत दोनशे तेरा पत्रिका. तीनदा मोजलं. मग व्हर्नाबाईंनी खोकं उघडलं. कोऱ्या गठ्ठ्यात एक भरलेली निघाली. ती त्यांनी पाहिली आणि टेबलावर उताणी ठेवली. मोकळ्या ओळीत हार्लनचं नाव होतं.

लुसियन म्हणाला, "सकाळपासून ओरडतेयस, तरी गावात एक ठोंब्या निघालाच."

"ठोंबी म्हण."

त्याने पत्रिकेवरचं अक्षर वाकून पाहिलं. मोजून टाकू, कोण बघतंय, असं हळूच पुटपुटला.

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या. अहवालात दोनशे तेरा लिहिलं, खाली 'एक खोक्यात सापडली, बाद' अशी नोंद केली आणि सही केली.

लुसियन एकेका पदाची मतं वाचू लागला, मी रेघा मारत होते. त्या पदाशी येऊन त्याने चष्मा सारखा केला. समोरच्या गठ्ठ्यात ते नाव नव्हतं.

"हार्लन गिलफिलन," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "एक."

मी रेघ मारली नाही. व्हर्नाबाई खोक्याला दोरी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पुढचं वाच," त्या म्हणाल्या.