जो बांधेल त्यानेच सोडायची

मिस्त्रींचं पत्र आलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. आता त्र्याहत्तरावं चालू आहे. निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आधी काही महिने ‘लिहू सावकाश’ असं चाललं, मग ‘आता कोणत्या तोंडाने लिहायचं’ असं झालं, आणि शेवटी ज्या पुस्तकात ते ठेवलं होतं ते पुस्तकच मी उघडेनासा झालो. एरवी मोठा वाचणारा म्हणून माझा लौकिक.

नेमकं तेच पुस्तक मागायला मिस्त्रींची मुलगी आमच्या दारात उभी होती. पंचेचाळिशीची बाई, बाह्या दुमडलेल्या, नखांत काळं तेल. पूर्वी ती वडिलांच्या डब्याची पिशवी घेऊन आमच्या वर्कशॉपच्या फाटकाशी उभी असायची.

“काका, मी सासू विकत घेतली,” ती म्हणाली.

बायकोने आतून डोकं बाहेर काढलं. मग मला सांगावं लागलं, की सासू म्हणजे आमच्या शेतीखात्याचा जुना ट्रॅक्टर. जमिनी सपाट करायला आणलेला. चाकांऐवजी रणगाड्यासारख्या लोखंडी साखळ्यांवर चालणारा. सकाळी मर्जी असली तर सुरू व्हायचा, नसली तर सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, म्हणून सासू.

“आणि बिघडली तर टाकून दिली आवारात,” बायको म्हणाली. “बरं जमलं हो तुम्हाला.”

मुलगी हसली. ती स्वतः गॅरेज चालवत होती. खात्याचं जुनं आवार मोकळं करताना सासू भंगारात निघाली, ती हिने उचलून आणली. साखळ्या गुडघाभर मातीत रुतलेल्या, धुराड्यात पाखरांचं घरटं, इंजिन जाम. तिला ती चालू करून वडिलांना दाखवायची होती. मिस्त्री मुलाकडे, लांबच्या गावी राहत. वय चौऱ्याऐंशी, कान पार गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. बापलेकीत पत्रं चालत. पुस्तकाचं तिने त्यांनाच विचारलं होतं. त्यांनी उलट टपाली कळवलं, की असलं तर पंडितांकडेच असेल, दुसरं कोण वाचणार होतं ते?

पंडित म्हणजे मी. स्टोअरचा कारकून. ट्रॅक्टरबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक परक्या भाषेतलं, आणि ती भाषा वर्कशॉपात मला एकट्याला येत होती. मी वाचून अर्थ सांगायचा आणि मिस्त्रींनी हात चालवायचा, अशी आमची जोडी. कधी कधी मी वाक्य संपवायच्या आत त्यांचा पाना योग्य बोल्टवर असायचा. “पुस्तक बरोबर सांगतंय,” असं म्हणून ते मला पुढे वाचायला सांगत.

पुस्तक शोधून ठेवतो, असं मी मुलीला सांगितलं. शोधायचं काय होतं? कपाटात डाव्या हाताला, मागच्या रांगेत. ती गेल्यावर मी त्यातलं पत्र काढलं, आणि साखळीच्या ताणाच्या प्रकरणातून लाल कापडाची एक वीतभर पट्टी काढली. दोन्ही कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. मग तिला निरोप धाडला, की पुस्तक तुला कळायचं नाही, मीच येऊन वाचत जाईन.

त्या पट्टीची गोष्ट सांगायलाच हवी.

मिस्त्रींचा एक नियम होता. इंजिनातलं तेल काढलं, की सुरू करायच्या दांड्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कुणी दांड्याला हात लावायचा नाही. नवं तेल भरलं, की ज्याने बांधली त्यानेच सोडायची. दुसऱ्या कुणीही नाही, साहेबानेही नाही. हा नियम मला तोंडपाठ होता. पण माझ्या डोक्यातलं हातापर्यंत कधी पोचत नाही, हा माझा जन्माचा दोष.

दुपारच्या सुट्टीत मी सासूच्या सीटवर बसून वाचत असे. त्या दिवशी तेल काढलेलं होतं आणि नव्या तेलाचं पिंप माझ्याच स्टोअरमध्ये उघडायचं राहिलं होतं. भोंगा झाला. पानाची खूण ठेवायला काहीतरी हवं होतं. कोपरा दुमडणं मला पाप वाटतं. समोर चिंधी होती.

मिस्त्री कुणाच्या तरी पंपासाठी दुपारीच बाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी वरून साहेब येणार म्हणून ड्रायव्हरने सकाळी लवकर येऊन, चिंधी नाही असं पाहून, सासू सुरू केली. पाच मिनिटांत आतून किंकाळीसारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं.

चौकशी झाली. चिंधी बांधली होती, एवढंच मिस्त्री सांगत राहिले. मला विचारलं, तुम्ही तिथे बसला होता, पाहिली का चिंधी? पुस्तक माझ्या मांडीवर होतं. पट्टीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. मी अंगठ्याने ते आत ढकललं आणि म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

मिस्त्रींची नोकरी गेली. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. घरचं सगळं बरं आहे, मुलगी शाळेत जाते. आणि खाली, तुम्ही दुपारी तिथे होता, चिंधी पाहिली असेल, एवढं दोन ओळींत लिहून द्या, आणखी काही नको. माझ्यावर संशय घेण्याचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तेच मला सोसेना.

आता रोज सकाळी मी पुस्तक काखेत मारून तिच्या गॅरेजवर जाऊ लागलो. भाजी आणायला सांगितली तर गुडघे दुखतात आणि लोखंड बघायला कसे पळतात, असं बायको शेजारणीला ऐकवायची.

मुलीने इंजिन उघडलं. दट्ट्यांवर डिझेल आणि तेल ओतून ते दिवसचे दिवस भिजत ठेवले. लाकडाचा ठोकळा ठेवून ती हातोड्याने इतकी हळू ठोकायची, की झोपलेल्याला उठवतेय असं वाटावं. चौथ्या आठवड्यात पहिला दट्ट्या केसभर हलला. जळालेली बेअरिंग निघाली तेव्हा तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. काळीनिळी, चाकूने खरवडल्यासारखी. मी ती लगेच खाली ठेवली. तिला वाटलं वय झालं.

साखळीचा ताण वाचायची वेळ आली. ते पान उघडल्यावर ती वाकून बघू लागली. पानावर वीतभर लांब तांबूस पट्टा उमटला होता.

“गंज लागला काय कागदाला?”

“असेल,” मी म्हणालो. चाळीस वर्षांत माझ्यात काडीचा फरक पडलेला नव्हता.

साखळीला ग्रीस भरता भरता ती वडिलांविषयी बोलत असे. नंतर त्यांनी लहानसहान दुकानांत कामं केली. एक बोल्ट चारचारदा आवळायचे. घराला कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत यायचे. आई म्हणायची, माणूस नाही, हेलपाटा आहे.

“आधी म्हणायचे, मी बांधली होती चिंधी,” ती म्हणाली. “मग म्हणायला लागले, बांधली असेल. आता म्हणतात, विसरलोच असेन बाई, हात चुकतो माणसाचा.”

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

सासू उभी राहायला पाच महिने लागले. आदल्या संध्याकाळी तिने इंजिन आतून धुवायला भरलेलं तेल काढून दांड्याला लाल फडक्याची पट्टी बांधली होती. सकाळी माझ्यादेखत नवं तेल भरलं आणि मला हाताने पुढे केलं.

“काका, चिंधी तुम्ही सोडा. तुमच्या वाचण्यावर उभी राहिलीय ही.”

“जो बांधेल त्यानेच सोडायची,” मी म्हणालो.

“माहितेय की तुम्हाला नियम.”

“तेव्हाही माहीत होता. त्या दिवशी मीच काढली होती. पुस्तकात खूण ठेवायला. तो डाग गंजाचा नाही.”

ती फडक्याने एकेक बोट पुसत राहिली. दहाही बोटं पुसून झाल्यावर म्हणाली, “मला नका सांगू. त्यांना लिहा. कान गेलेत, डोळे आहेत अजून.”

मग तिने स्वतः चिंधी सोडली. तेल मोजायची सळई काढून बघितली, पुसली, पुन्हा घालून बघितली. वडिलांसारखी. मी हळूहळू फाटकाबाहेर आलो. पाठीमागे सासू दोनदा खोकली आणि सुरू झाली. तो आवाज ऐकायला मी थांबलो नाही. माझा त्यावर काही हक्क नव्हता.

घरी कागद घेऊन बसलो. पहिल्या कागदावर मी का घाबरलो ते लिहिलं, फाडला. दुसऱ्यावर क्षमा मागितली. तीही मलाच मोकळं वाटावं म्हणून मागतोय असं दिसलं, फाडला. बायकोने मागे उभं राहून विचारलं, कसलं एवढं लिहिताय? मी म्हणालो, एका पत्राचं उत्तर. कधी आलं होतं, म्हणाली. मी सांगितलं, आणि सगळंच सांगितलं. तिला एरवी शब्द कमी पडत नाहीत. ती आत गेली आणि टपालाची तिकिटं घेऊन आली.

शेवटी राहिलं ते एवढंच: “मिस्त्री, चिंधी तुम्ही बांधली होती. मी काढली, आणि विचारल्यावर खोटं बोललो. ती सोबत पाठवली आहे. तुमचा हात चुकला नव्हता. हे पत्र कुणालाही दाखवा.” खाली पंडित न लिहिता पूर्ण नाव लिहिलं.

चिंधीमुळे पाकीट फुगलं होतं. टपालपेटीच्या फटीत अर्धं गेलं आणि अडकलं. मागे एक पोरगी आपलं पत्र धरून उभी होती. मी अंगठा लावला आणि ते आत ढकललं. पेटी बहुधा रिकामी होती. पडल्याचा आवाज खालून आला.