परातीतलं नाव

"परात जरा पुढं घ्या. नवरदेवाला अंगठी द्या," कुणीतरी म्हणालं.

होणाऱ्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, परातीतले तांदूळ तळहाताने सपाट केले. पंचवटीतलं मंगल कार्यालय, साल १९९४. त्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहायचं होतं.

माझे वडील, नाना, खांबाशी उभे होते. लग्नाच्या बैठकीत मानपानाबद्दल त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. एकच गोष्ट मागितली होती. आता ते पुन्हा पुढे आले.

"विहीणबाई, नाव तेवढं राहू द्या."

"अहो व्याही, आमच्याकडं पद्धत हाये. अन् हे असलं नाव जिभेला वळत नाय."

"पाणीवाल्या बाईंचं नाव आहे हो ते."

"मंग पोरगी नांदायला येतीय का मोर्चे काढायला?"

देवळ्याहून आलेलं मुलाकडचं वऱ्हाड हसलं. नानाही हसले, जरा उशिरा.

नाना पाणी सोडायचे. आधी नगरपालिका, मग महापालिका; खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन पहाटेपासून गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे. लाइनीच्या टोकाच्या बायका ओरडायच्या, "सावळीराम, आमच्या नळाला नुसती हवाच पाजतो का रे?" नाना घरी येऊन सांगत, "शिव्या देतात, पण हक्काच्या देतात. हे बाईंनी शिकवलं." मृणाल गोरे मुंबईत हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे काढत, त्या बातम्या ते मोठ्याने वाचत. माझ्या पत्रिकेत अक्षर वेगळंच निघालं होतं. बारशाला त्यांनी आत्याला बजावलं, "कानात हेच सांग. मृणाल."

किशोरनी अंगठी धरून हळूच विचारलं, "चालेल ना?"

मी नानांकडे पाहिलं नाही. मान हलवली. किशोरनी लिहिलं, वेदिका.

त्यानंतर नानांनी मला नावाने हाक मारलीच नाही. देवळ्याला आले की दारातून म्हणत, "आहेस का गं?" किशोरच्या दुकानात फोन केला की, "आमच्या मुलीला देता का?"

एकदा मी म्हटलं, "तुम्ही तरी मृणाल म्हणा."

"तुझ्या घरात ते चालत नाही. बाईंचं नाव दाराबाहेर कशाला उभं करू?"

२००६ साली त्यांना छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. नर्स दारात आली. "मृणाल कोण आहे? आजोबा बोलवतायत."

मी शेजारच्या बाईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. नर्सने पुन्हा हाक मारली. किती वर्षांनी हे नाव कानावर आलं, एवढंच माझ्या मनात आलं. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अकरा नंबरच्या आजोबांच्या तुम्हीच ना?"

मी आत गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"नाना, मी आलेय. मृणाल."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. संध्याकाळी ते गेले.

तेराव्याला माहेरच्या ओट्यावर मी तांदूळ निवडत होते. नळाला पाणी आलं होतं. बायका हंडे घेऊन ओळीत उभ्या होत्या. त्या दिवशी कुणी भांडत नव्हतं.

"वेदिका!" आतून सासूबाईंची हाक आली.

मी परातीतले तांदूळ तळहाताने सपाट केले आणि खडे शोधत राहिले. दुसरी हाक आली. मग त्या स्वतःच बाहेर आल्या.

"ऐकू येत नाय का गं?"

"येतं," मी म्हणाले, आणि पुढचा खडा उचलला.