गुडघ्यांचं अपील

अपंगत्व पेन्शनच्या तिसऱ्या अपिलाला निघताना बायकोने निवृत्त हवालदारांना पुन्हा पढवलं, "अहो, दुखतं का विचारलं तर दुखतं म्हणा. तिथे मर्दुमकी गाजवू नका."

हवालदारांनी मान डोलावली. बावीस वर्षं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढता-उतरता गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या होत्या. पण नोकरीत त्यांनी कधी आजारी म्हणून नाव दिलं नाही. पलटणीतले लोक कामचुकार म्हणाले असते ना! त्यामुळे फाइलीत दुखण्याचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे दुखणंच नाही, असा अपील ऐकणाऱ्या मेडिकल बोर्डवाल्यांचा अजब न्याय.

बोर्डाच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तास बसून गुडघे पार आखडले. नाव पुकारल्यावर बायकोने काखेत हात घालून त्यांना कसंबसं आतल्या खुर्चीपाशी आणलं. ते बसणार, तोच समोरच्या दारातून बोर्डाचे मुख्य साहेब आले, तेही गणवेशात. हवालदारांची काठी खाली पडली, टाचा जुळल्या, छाती पुढे आली.

"बसा," साहेब म्हणाले.

गुडघे काही केल्या वाकेनात. पण साहेबांपुढे रडगाणं कसं गायचं?

"उभाच ठीक आहे, साहेब."

बाजूला बसलेल्या बोर्डाच्या डॉक्टरने मान खाली घालून लिहिलं, 'आधाराशिवाय उभे राहतात.' बायको काहीतरी बोलायला गेली, तर हवालदारांनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

सुनावणी पाच मिनिटांत आटोपली. साहेब गेले, डॉक्टर गेला, दार लागलं. तेव्हा कुठे हवालदार हळूच म्हणाले, "अगं, आता बसव मला."