काझ्यात खोली पाहिजे

केशोरीच्या दुलीचंदभाऊंनी जन्मात कधी हॉटेलात मुक्काम केला नव्हता. नागपूरला गेले तर साळ्याकडे उतरायचे, रायपूरला गेले तर मावसबहिणीकडे, आणि देवाला गेले तर धर्मशाळेत. ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसाच्या गादीवर जाऊन झोपायचं, ही गोष्टच त्यांना विचित्र वाटायची. त्यामुळे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपून शेतातली कामं थोडी सैल झाली, तेव्हा एका सकाळी धुरपताबाईंनी चहा पुढे ठेवत "अजी, आपल्याले हॉटेलात खोली पायजेन" असं म्हटलं, तर भाऊंना वाटलं, बाई झोपेतच आहे अजून.

"कोठं?"

"काझ्याले."

"हे कोठं आलं?"

"हिमाचलात. ल्हामोच्या गावाले."

भाऊंनी कप खाली ठेवला. आता ही गोष्ट टळणार नाही, एवढं त्यांना कळलं.

ल्हामो प्रतापगडाजवळच्या तिबेटी वसाहतीतली. जन्म तिथलाच, लग्नही तिथलंच. नवऱ्याबरोबर हिवाळ्यात स्वेटर विकायला मुलूखभर फिरायची आणि उरलेलं वर्ष आपल्या बांधीत धान पिकवायची. ते धान घेऊन ती भाऊंच्या राइस मिलवर यायची. नंबर लागेपर्यंत बाहेर कशाला बसायचं, म्हणून धुरपताबाईंनी तिला एकदा घरात बोलावलं, आणि तेव्हापासून ती धान नसलं तरी यायला लागली. दोघी भाजी निवडायच्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायच्या, एकमेकींच्या पोरांना रागवायच्या. ल्हामोची इकडची झाडी बोली इतकी ठसठशीत, की पाठमोरी बोलताना ऐकली तर कोणी म्हणालं नसतं ही इथली नाही. नवरा वारला, आणि ती स्पितीत, काझ्याला दिलेल्या लेकीकडे राहायला गेली. जाताना दोघी रडल्या नाहीत. भाऊंना तेव्हा नवल वाटलं होतं. मग कितीतरी दिवस धुरपताबाई जेवायला बसायच्या आणि अर्ध्या ताटावरून उठायच्या, तेव्हा त्यांना समजलं.

आता ल्हामोचे गुडघे गेले होते. ती काही इकडे येऊ शकत नव्हती.

"जाऊ," भाऊ म्हणाले. "पण हॉटेल कायले? तिची पोरगी हाये ना तेथं."

"दोन खोल्यांचं घर हाये तिचं. जावई, सासू, लेकरं. आपून गेलो का ल्हामो आपल्याले पलंग देईन अन् सोता चुलीजवर निजन. आठवते का तुमाले?"

भाऊंना आठवलं. एका वर्षी ते दोघं वसाहतीत त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला मुक्कामी गेले होते. ल्हामोने आपला पलंग दिला, स्वतः स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी लंगडत लंगडत वाढत राहिली. विचारलं तर म्हणाली, कोंबडीच्या मागे धावले होते.

धुरपताबाईंनी फोन करून हॉटेलचं सांगितलं, तेव्हा ल्हामो आधी हसली. मग तिला कळलं की हे खरंच आहे.

"मी मेली का वो?" ती म्हणाली. "मी जित्ती असताना तू पैसे देऊन झोपशीन?"

"तुह्या गुडघ्यासाठी म्हनून रायली मी."

"माह्या गुडघ्याचं मी पाहीन!"

फोन कट झाला. त्यानंतर धुरपताबाईंनी कितीदा लावला, पण ल्हामोने उचलला नाही. तिकडे नेटवर्क नसेल, असं भाऊ म्हणाले. "नेटवर्क हाये," धुरपताबाई म्हणाल्या. "तोंड नाही उघडून रायली ते." तरीही त्या आपल्या म्हणण्यावरून हटल्या नाहीत. खोली हॉटेलातच.

खोली शोधायचं काम भाऊंवर आलं. सून दुर्गेश्वरीने मोबाइलवर हॉटेलांचे फोटो शोधून दिले. पांढऱ्या चादरी, खिडकीत बर्फाचे डोंगर, टेबलावर फुलं. "मामाजी, इथंच बोटानं दाबलं का बुकिंग होते," ती म्हणाली.

भाऊंनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "मिलातला तांदूर बी फोटोत पांढराच दिसते," ते म्हणाले. "हातावर घेतल्याबिगर तुकडा-कनी समजत नाही. तू मले या हॉटेलवाल्यायचे फोननंबर काढून दे."

मग मिलच्या ओट्यावर बसून दुलीचंदभाऊ हिमाचलात फोन लावू लागले. गोंदियाच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून त्यांची हिंदी पक्की होती, आणि समोरचा माणूस काय लपवतो आहे हे आवाजावरून ओळखायची सवयही. पहिल्या हॉटेलवाल्याने चोवीस तास गरम पाणी असल्याचं सांगितलं. भाऊंनी विचारलं, नळाला येतं की बादलीत? तो म्हणाला, नळाला. भाऊंनी विचारलं, लाइट गेल्यावर? पलीकडे नुसती खरखर. दुसऱ्याने सांगितलं की खोली काझ्यातच आहे, अगदी बाजारात. भाऊंनी बोलण्या-बोलण्यात विचारलं, बसस्टँडवरून पायी येता येईल ना? तेव्हा कळलं की हॉटेल वरच्या गावात आहे आणि यायला गाडी करावी लागेल. तिसरा खरा निघाला, पण त्याने पाइप गोठायच्या आत हॉटेल बंद करून खाली जायचं ठरवलं होतं.

चौथा फोन एका बाईने उचलला. नाव आंग्मो. तिचा आवाज मोठा होता आणि तिला घाई नव्हती.

"गरम पाणी?"

"सकाळी बादलीत देईन. नळात नाही."

"लाइट?"

"असली तर असते."

"खालची खोली? बायको थकली आहे माझी, चढउतार नको."

"खाली एकच आहे. तिला बाथरूम जोडून नाही, दाराबाहेर लगेच आहे. पाहून घ्या, मग म्हणू नका सांगितलं नाही."

भाऊ खूश झाले. इतक्या लोकांत हिनेच आपणहून उणं सांगितलं होतं. त्यांनी तिथेच खोली ठरवली. पण आंग्मोने फोन ठेवला नाही. "मनालीकडून येऊ नका," तिने बजावलं. "तो रस्ता एकदम वर आणतो, तुमच्या वयाला डोकं धरून बसाल. सिमल्याकडून या, किन्नौरमधून. कल्प्याला थांबा, मग नाकोला थांबा, अंगाला हवेची सवय होऊ द्या. आणि मधल्या मुक्कामांचे पैसे आधी भरून ठेवू नका. डोंगर कधी रस्ता अडवेल सांगता येत नाही. इथे मशीनमधून पैसे निघतीलच असं नाही, तेव्हा रोख ठेवा. नाकोहून निघण्याआधी मला फोन करा."

त्यानंतर भाऊ दर दोन-तीन दिवसांनी तिला फोन लावू लागले. कधी रजया किती मिळतील म्हणून, कधी खिडकी कोणत्या दिशेला म्हणून. एकदा तर त्यांनी तिच्या स्वयंपाकघरात कोणता तांदूळ शिजतो ते विचारून घेतलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. दुर्गेश्वरी दारामागून हसायची. "मामी, मामाजीले काझ्यात नवी बहीन भेटली," ती सासूला सांगायची. पण धुरपताबाई हसायच्या नाहीत. त्यांचं लक्ष आपल्या फोनकडे असायचं, आणि तो वाजायचा नाही.

दोघं निघाले ते चिन्नोर तांदळाची पिशवी, लाखोरीची डाळ आणि घरातली सगळी गरम कापडं घेऊन. गोंदियाहून दिल्ली, तिथून सिमला, मग बस. कल्प्याला धुरपताबाईंनी पहिल्यांदा बर्फाचा डोंगर पाहिला आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. मग म्हणाल्या, "एवढ्या थंडीत ते मानूस गुडघे घेऊन कसं रायत असन?" नाकोला पोहोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की पुढे दरड कोसळली आहे. आज गाडी जाणार नाही.

भाऊंनी आंग्मोला फोन लावला. लागला नाही. अंगणात उभं राहून लावला, गच्चीवर जाऊन लावला, तळ्याच्या काठी जाऊन लावला. आयुष्यात पहिल्यांदा खोली ठरवली आणि आता ती हातची जाणार, या विचाराने त्यांचं जेवणात लक्ष लागेना. "आपून नाही पोचलो तं ते बाई खोली दुसऱ्याले देऊन टाकन," ते म्हणाले.

"देऊ द्या," धुरपताबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "ल्हामोनं एकदा हॅलो म्हनलं असतं तं मी चुलीजवर बी झोपली असती."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. त्या तळ्याकडे बघत होत्या. भाऊंनी आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

रस्ता दुसऱ्या दिवशी सुटला. बस काझ्याला पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. आंग्मोचं हॉटेल बसस्टँडजवळच होतं, तिने सांगितलं तसंच. भाऊ पिशव्या घेऊन आत शिरले. एक जाडजूड, लालबुंद गालांची बाई समोर आली.

"दुलीचंदजी? गोंदिया?"

"हां! खोली आहे ना?"

आंग्मो जरा घुटमळली. "खोली आहे. पण रिकामी नाही."

भाऊंचा पारा चढला. "रिकामी नाही म्हणजे? मी किती वेळा विचारलं तुम्हाला! रस्ता कधीही अडेल, हे तुम्हीच म्हणाला होतात..."

"ऐका तर," आंग्मो म्हणाली. "काल एक म्हातारी आली. म्हणाली, माझे पाहुणे येणार आहेत. तुम्ही आला नाहीत, रस्ता बंद झाल्याचं कळलं, तर ती हलेचना. म्हणाली, खोली कोणाला देशील तर याद राख. रात्री तिथंच झोपली."

धुरपताबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी हातातली तांदळाची पिशवी तिथेच खाली सोडली आणि खालच्या खोलीचं दार ढकललं. आत पलंगावर, रजयांच्या ढिगात, ल्हामो बसली होती. केस आणखी पांढरे झालेले, डोळे तेच.

"काऊन वो," ती म्हणाली, "एवढा उशीर?"

"फोन कायले नाही उचलला तू?" धुरपताबाई दारातूनच ओरडल्या.

"राग आला होता. अजून हाये." ल्हामोने रजईचं टोक उचललं. "ये, बस. पाय गार झाले असन तुहे. तुह्या सुनेनं फोनवर तारीख अन् हॉटेलचं नाव सांगतलं मले. ते पोट्टी तुमच्यापेक्षा हुशार हाये."

धुरपताबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि केशोरीला निरोप घेताना जे आलं नव्हतं ते रडू आता दोघींना आलं. भाऊ दारात उभे राहिले. त्यांना कळेना आत जावं की बाहेर थांबावं. शेवटी ते खाकरले.

"मंग आता कसं करायचं? घरी जाचं का तुह्या?"

"घरी जेवाले जाचं," ल्हामो डोळे पुसत म्हणाली. "सकारपासून पोरगी वाट पाहून रायली. पन झोपाले इथंच. येवढी मऊ गादी हाये, आन् मीच कायले घरी जाऊ? मी बी हॉटेलात रायते."

"या खोलीत?"

"मंग?"

"अन् मी?"

दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या.

आंग्मोने भाऊंची सोय स्वयंपाकघराला लागून असलेल्या बैठकीत केली. तिथे शेगडी होती, आणि खोलीपेक्षा ती जागा जास्त उबदार होती. त्यांनी बाहेर पडलेली चिन्नोरची पिशवी उचलून आणली, मूठभर तांदूळ तिच्या तळहातावर ओतला आणि वास घ्यायला लावला. तिने डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. मग भाऊंनी स्वतः कुकर मागून घेतला, तांदूळ धुतला आणि शिट्टी किती वेळा होऊ द्यायची यावर तिच्याशी हुज्जत घालत उभे राहिले. या उंचीवर भात शिजायला वेळ लागतो, असं ती म्हणत होती. ते भाऊंना पटत नव्हतं.

भिंतीपलीकडून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. कोणाच्या तरी सासूचं चाललं होतं.